‘चालून जातं’ याचा कर्ता कोण?

मराठीतली काही क्रियापदं फार सोयीची असतात. ‘चालून जातं’ हे त्यांतलंच एक. या वाक्याला कर्ता लागत नाही. कोण चालवतं, कशाच्या जोरावर, अजून किती वर्षं, यातलं काहीही न सांगता वाक्य पुरं होतं आणि बोलणारा चहाचा कप उचलायला मोकळा होतो. नंदुरबार जिल्ह्यात बौद्धिक अक्षमतेचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. बैठकीत येतं, शिक्षकांच्या खोलीत येतं, तोरणमाळचा पावसाळा पाहून पुण्या-मुंबईला परतलेल्या हळव्या मंडळींच्या बोलण्यातही येतं. शहरात अशा मुलांचे हाल, पण पाड्यावर चालून जातं. पोरगा बकऱ्या राखतो, लाकडं आणतो, दोन भाकरी खातो, त्याला कुणी हसत नाही. मग चाचण्या लावून, टक्के मोजून त्याच्यावर ‘मतिमंद’ असा शिक्का मारण्याचा अट्टहास कशासाठी? असा हा सगळा युक्तिवाद.

तो वाईट मनाने केलेला नसतो, हीच त्याची अडचण. याआधीची समजूत याहून कितीतरी क्रूर होती: मूल म्हणजे मागच्या जन्माचं पाप, कुणाची तरी नजर, नाहीतर आईचाच दोष. सातपुड्याच्या याच पट्ट्यात बायकांना डाकीण ठरवून छळल्याच्या घटना घडल्या आहेत. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ साली आला, तो उगाच नाही. त्या समजुतीपुढे ‘चालून जातं’ हे म्हणणं मायेचं वाटतं. त्यात थोडं खरंही आहे. पाड्यावर ‘येडा’ म्हणण्याआधी ‘भोळा’ म्हणण्याची रीत असते, आणि भोळ्या माणसाला पंगतीतून उठवत नाहीत. पण खोटं पाडायला सगळ्यांत अवघड असतं ते अर्धं खरंच.

या युक्तिवादाचं जरा प्रतिष्ठित कूळही सांगता येतं. १९६९ मध्ये अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञांची एक परिषद भरली आणि पुढच्या वर्षी तिचा अहवाल ‘सहा तासांपुरतं मतिमंद मूल’ अशा अर्थाच्या नावाने निघाला. गरीब वस्त्यांतली कितीतरी मुलं शाळेच्या सहा तासांतच मतिमंद ठरतात, उरलेले अठरा तास ती घरात, गल्लीत, दुकानात व्यवस्थित वावरतात, असं त्याचं म्हणणं. मुद्दा बिनतोड होता, पण तो सौम्य अडचण असलेल्या आणि चुकीच्या चाचणीत सापडलेल्या मुलांबद्दलचा होता. तो उचलून सरसकट सगळ्यांना लावणं म्हणजे जवळचं दिसत नाही एवढ्यासाठी चष्मा लागलेल्या माणसाचं उदाहरण देऊन अंधत्व थोतांड आहे असं सांगणं.

मुळात बौद्धिक अक्षमता म्हणजे काय, इथूनच घोळ सुरू होतो. ती वेड नव्हे. इंग्रजांच्या १९१२ च्या कायद्याने जन्मतः बुद्धी कमी असलेला आणि मनाचा तोल गेलेला अशा दोघांनाही एकाच पोत्यात कोंबलं होतं. ते पोतं फोडायला पंचाहत्तर वर्षं लागली. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतून मतिमंदत्व बाहेर काढलं आणि २०१७ च्या कायद्याने ते बाहेरच ठेवलं. मानसिक आजार कोणत्याही वयात येतो, त्यावर उपचार असतात, बरेचदा तो आटोक्यात येतो. बौद्धिक अक्षमता वाढीच्या वयातच सुरू होते आणि आयुष्यभर सोबत राहते. तिच्यावर गोळी नाही. बाजारात ‘बुद्धिवर्धक’ म्हणून मिळणाऱ्या सिरपच्या बाटल्यांत जे काही असेल ते असो, पण हिचं औषध त्यात नाही.

दुसरी गोष्ट, ती नुसती डोक्यातली उणीव नव्हे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातली व्याख्या दोन पायांवर उभी आहे: विचार करणं, शिकणं, अडचणीतून वाट काढणं यांवर मोठी मर्यादा, आणि रोजच्या जगण्यातल्या, माणसांत वावरण्याच्या, हाताने करायच्या कामांतही मर्यादा. दोन्ही पाय हवेत. २०१३ पासून अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेतही अडचण सौम्य की तीव्र हे बुद्ध्यंकावर ठरत नाही, रोजच्या व्यवहारात किती मदत लागते त्यावर ठरतं. म्हणजे ‘तुम्ही नुसते आकडे बघता, माणूस बघत नाही’ हा टोमणा निदान शास्त्राच्या बाबतीत शिळा झाला आहे. शास्त्र हल्ली दिवसच बघायला सांगतं. तर दिवसच बघू.

अक्राणी तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरचा विशीतला तरुण समजा. कुणी एक खरा माणूस नव्हे, अशा अनेकांचं जगणं एकत्र करून डोळ्यांपुढे आणलेला. तो पंधरा बकऱ्या राखतो आणि संध्याकाळी सगळ्या परत आणतो. पाहुणा म्हणतो, बघा, हिशेब येतो की! पण त्याला पंधरापर्यंत मोजता येत नाही. त्याला प्रत्येक बकरी ठाऊक आहे; एक कमी आली तर ‘कानफाटी नाही’ हे त्याला लगेच कळतं. ही अक्कलच आहे, आणि कौतुक करण्याजोगी आहे. आता त्याच्या बापाने चार बकऱ्या विकल्या आणि सहा नव्या घेतल्या, की ही सगळी मांडणी विस्कटते. ती पुन्हा बसायला कितीतरी आठवडे लागतात आणि तोवर त्याच्या मागे कुणीतरी हिंडावं लागतं. पन्नासची आणि पाचशेची नोट त्याला रंगावरून ओळखता येते, पण दुकानदाराने किती परत द्यायला हवे होते हे कळत नाही. ओळखीच्या वाटेने तो तीन डोंगर ओलांडेल. शहाद्याच्या बसस्थानकावर मात्र पाटी वाचता येत नाही आणि विचारायचं कुणाला, हेही उमगत नाही. कुणी गोड बोलून काही मागितलं तर देऊन टाकतो. पोटात दुखत असलं तर कुठे, कधीपासून, हे सांगता येत नाही. तो नुसता जेवत नाही, आणि त्यावरून आईने ओळखायचं.

ती आई हाच त्या वाक्याचा गाळलेला कर्ता.

कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या सरकारी संस्थेतून बाहेर पडून शहरात स्वतंत्र राहू लागलेल्या माणसांचा अभ्यास रॉबर्ट एजर्टन या मानववंशशास्त्रज्ञाने केला आणि १९६७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. वरवर पाहता या मंडळींचं बरं चाललं होतं. जवळ जाऊन पाहिलं तर जवळजवळ प्रत्येकाच्या मागे एक ‘उपकारकर्ता’ उभा होता: नवरा, बायको, घरमालकीण, नाहीतर मुकादम. तोच बिलं भरायचा, कागद वाचायचा, वेळेची आठवण द्यायचा, फजिती झाकून न्यायचा. एजर्टनने या सगळ्याला सक्षमतेची झूल म्हटलं. सातपुड्यात ती झूल विणणारे हात बायकांचे असतात, एवढाच काय तो फरक. आई, आजी, आणि मोठी बहीण, जिची शाळा त्यापायी पाचवी-सहावीतच सुटते. गावाने सांभाळलं असं आपण म्हणतो तेव्हा गावातल्या एका बाईने आयुष्य घातलेलं असतं आणि बाकीच्यांनी हसायचं टाळलेलं असतं. हसू नये हे चांगलंच. पण तेवढ्याला सांभाळणं म्हणत नाहीत.

समाजच सांभाळतो या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ बेल्जियममधल्या खील या गावाचं नाव काही वाचक मंडळी घेतात. मध्ययुगापासून तिथली कुटुंबं मनोरुग्णांना आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांना घरात ठेवून घेत आली, हे खरं. पण तिथे एकोणिसाव्या शतकापासून पाठीशी रुग्णालय आहे, घरी फेरी मारणाऱ्या परिचारिका आहेत, कुटुंबाला त्यासाठी पैसे मिळतात आणि घर थकलं तर माणसाला काही दिवस दुसरीकडे ठेवायची सोय आहे. खीलमध्येही ‘चालून’ जात नाही. चालवलं जातं.

आता ज्या पाड्याच्या भरवशावर हा सगळा युक्तिवाद उभा आहे, तो पाडा तरी जागेवर आहे का? दिवाळी झाली की नंदुरबार जिल्ह्यातली हजारो कुटुंबं कोयता घेऊन गुजरातच्या ऊसपट्ट्यात उतरतात. गाव म्हणजे माणसं असतील, तर वर्षातले पाच-सहा महिने कितीतरी पाड्यांवर गावच नसतं. म्हातारी माणसं, लहान मुलं आणि कुलूप असतं. अशा मुलाला बरोबर न्यायचं तर फडावर अनोळखी वाटा, रात्री-बेरात्री येणाऱ्या ट्रका आणि उसाच्या धारदार पात्यांत त्याला कुणी बघायचं? मागे ठेवायचं तर सत्तरीच्या आजीच्या जिवावर. ज्यांना हे ठरवावं लागतं त्यांना विचारा चालून जातं का.

नर्मदाकाठी तर जमीनच सरकली. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं बुडिताखाली आली. मणिबेलीपासून वरच्या गावांत पाणी चढत गेलं आणि २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाल्यावर ते १३८.६८ मीटरच्या पूर्ण उंचीला भिडायला मोकळं झालं. अनेक कुटुंबं तळोदा-शहादा भागातल्या वसाहतींत आली. विस्थापनावर पुष्कळ लिहिलं गेलं, त्यात या एका माणसाची गोष्ट मात्र सापडत नाही. ज्याने वीस वर्षं घोकून घोकून एक डोंगर, एक नाला, एक मोहाचं झाड डोक्यात बसवलं होतं, त्याचं सगळं शिक्षण त्या पाण्याखाली गेलं. इतरांची जमीन गेली, याची अक्कल गेली असंच लोकांना वाटलं असणार. जिथे होता तिथे तो जेमतेम ‘भोळा’ होता. सरळ रेषांत आखलेल्या वसाहतीत, जिथे सगळी घरं सारखी दिसतात, तिथे तो ‘येडा’ झाला तर दोष कुणाचा?

आणि कागद. आधार कार्डाचं देशातलं पहिलं वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी झालं ते याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी, पंतप्रधानांच्या उपस्थितीत. त्यानंतरच्या वर्षांत रेशन अंगठ्यावर आलं, मजुरी खात्यात आली, खात्याला केवायसी लागली, केवायसीला मोबाइल, मोबाइलला ओटीपी. ओटीपी कुणाला सांगायचा नसतो, पण बँक मित्राला मात्र सांगायचा असतो. हा भेद शिकल्या-सवरलेल्यांनाही नीट कळत नाही. जग जितकं जास्त आकडे, अक्षरं आणि बारीक बारीक भेद मागू लागतं तितकी तीच बुद्धी अधिक अक्षम ठरत जाते. अक्षमता काही नुसती माणसात नसते, ती माणूस आणि त्याचं जग यांच्यामधल्या फटीत असते. ती फट पन्नास वर्षांपूर्वीच्या पाड्यावर अरुंद होती हे मान्य. आजच्या पाड्यावर ती रुंद झाली आहे, आणि जुन्या पाड्याची आठवण सांगून ती बुजत नाही.

इथे विरोधकांच्या एका मुद्द्यापुढे मात्र मान तुकवायला हवी. चाचण्यांबद्दलचा त्यांचा संशय खरा आहे. फक्त त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष उलटा आहे.

आपल्याकडे बुद्ध्यंक मोजायला ज्या चाचण्या वापरतात त्यांतली बिने-कामत चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडला बसवली, मराठी आणि कानडी मुलांसाठी. मूळ चाचणी पॅरिसची. आल्फ्रेड बिनेने १९०५ मध्ये ती केली ती कोणत्या मुलांना शाळेत जास्त मदत लागेल हे ओळखण्यासाठी, कोण जन्माचा मठ्ठ आहे हे ठरवण्यासाठी नव्हे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या व्हाइनलँड गावातल्या संस्थेत हेन्री गॉडर्डने ती इंग्रजीत आणली आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर बोटीतून उतरणाऱ्या स्थलांतरितांच्या काही गटांवर लावली. नुकतेच उतरलेले, थकलेले, दुभाष्याच्या तोंडून प्रश्न ऐकणारे रशियन, इटालियन, ज्यू, हंगेरियन; त्यांतले चार-पंचमांश ‘मंदबुद्धी’ निघाले! गंमत अशी की त्याच व्हाइनलँडमध्ये पुढे १९३५ साली एडगर डॉलने वेगळीच पट्टी काढली. मुलाला प्रश्न न विचारता त्याच्या घरच्यांना विचारायचं: हा स्वतः जेवतो का, कपडे घालतो का, एकटा कुठवर जातो. नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी ती भारतीय घरांसाठी बदलून घेतली. आज अक्षमतेची टक्केवारी ठरवताना बुद्ध्यंकाबरोबर हीच पट्टी लावतात.

नंदुरबार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. घरात पावरी, देहवाली, मावची, कोकणी, बाजारात अहिराणी, काही गावांत गुजरी. मराठी भेटते ती शाळेत. अशा मुलाला मराठीत तपासायचं आणि गुण कमी आले की ‘मंद’ म्हणायचं, हे एलिस बेटच झालं. कॅलिफोर्नियात १९७० मध्ये याच कारणावरून खटला लढवला गेला. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना इंग्रजीत तपासून मतिमंदांच्या वर्गात बसवलं होतं. त्यांच्या भाषेत पुन्हा तपासल्यावर बहुतेकांचे गुण त्या रेषेच्या वर गेले आणि मुलाला त्याच्या घरच्या भाषेत तपासण्याचं बंधन राज्याने मान्य केलं. आपल्याकडे नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मुलांच्या बोलीतून शिकवायला घेतलं; म्हणजे या बोलींत शिकवता येतं हे तीस वर्षांपूर्वीच सिद्ध झालं. मग तपासता का येऊ नये?

चुकीच्या भाषेतली चाचणी दोन्हीकडून मारते. आश्रमशाळेतल्या धडधाकट पोराला ती ‘ढ’ ठरवते, आणि खरोखर अडचण असलेल्या पोराची अडचण ‘याला मराठी येत नाही’ या सबबीखाली लपवते. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण त्याची तक्रार कुणी करत नाही. म्हणून चाचणी नको म्हणण्याऐवजी चाचणी पावरीत हवी असं म्हणायला पाहिजे होतं. ‘शिक्का नको’ म्हणणारे तिथवर जात नाहीत.

आता या साऱ्या प्रकरणातला सगळ्यांत दुर्दैवी विनोद. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी सौम्य बौद्धिक अक्षमतेला ५० टक्के, मध्यमला ७५, तीव्रला ९० आणि अतितीव्रला १०० टक्के ठरवून दिले. काठावरच्या गटाला २५. सवलतींना किमान ४० टक्के लागतात. हे ठरतं बऱ्याच अंशी आईच्या उत्तरांवर. डोंगरातून उतरून, रात्र कुणा नातेवाइकाकडे काढून, रांगेत चार तास उभी राहिलेली आई साहेबासमोर बसते. साहेब मराठीत विचारतो, ‘स्वतः जेवतो का?’ आई म्हणते, ‘जेवतो.’ ‘कपडे घालतो?’ ‘घालतो.’ ती खोटं बोलत नाही. भाकरी कुस्करून ताट पुढ्यात ठेवलं की जेवतो. सदरा सुलटा करून हातात दिला की घालतो. आपण मध्ये काय करतो हे तिला काम वाटतच नाही, म्हणून ती ते सांगत नाही. शिवाय चारचौघांत आपल्या पोराची उणीव का सांगावी? म्हणजे जे वाक्य पाहुण्यांनी तिच्या कानावर वर्षानुवर्षं घातलं तेच ती तिथे उच्चारते: चालून जातं. आणि टक्के घसरतात. त्या टक्क्यांवर संजय गांधी निराधार योजनेतलं दरमहा अनुदान अवलंबून असतं. दिव्यांगांसाठी ते २०२५ मध्ये १५०० वरून २५०० रुपये झालं. पाड्यावर अडीच हजार म्हणजे फडावर न जाता एका माणसाला घरी राहता येण्याइतके पैसे नव्हेत, पण आजीच्या औषधाचे तरी असतात.

आकड्यांची गोष्ट निघालीच आहे तर तीही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १५ लाख माणसं ‘मतिमंद’ या रकान्यात मोजली गेली, म्हणजे हजारी सव्वा. जगभरच्या अभ्यासांचा त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला एकत्रित आढावा सांगतो, हजारी सुमारे दहा. आणि गरीब देशांत त्याहून जास्त. नंदुरबारची तेव्हाची लोकसंख्या साडेसोळा लाख. ढोबळ हिशेबाने सोळा हजारांच्या आसपास माणसं व्हावीत, एखाद्या बऱ्यापैकी गावाएवढी. मोजणीत जी आली नाहीत ती कुठे गेली? ती ‘चालून’ गेली.

यातली काही प्रकरणं मुळात घडायलाच नको होती, हे तर ‘चालून जातं’ म्हणताना कुणाच्या मनातही येत नाही. डाऊन सिंड्रोमसारखी कारणं गुणसूत्रांत असतात, ती धडगावात आणि दादरला सारखीच. पण बाळंतपण अडून बाळ उशिरा रडणं, जन्माचं वजन फार कमी असणं, कावीळ डोक्यात चढणं, मेंदूज्वर, गर्भारपणी आयोडीन कमी पडणं ही कारणं दूर रस्ता आणि उशिरा आलेली गाडी यांच्याशी बांधलेली आहेत. जन्मतः थायरॉइड कमी असलेल्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू केली तर बुद्धी वाचते, वर्षाने केली तर वाचत नाही. या पट्ट्यात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. त्यात लहानपणीच मेंदूला झटका येऊन गेला तर पुढे शिकणं अवघड होतं, हे मात्र फारसं माहीत नसतं. चांदसैली घाटात दरड कोसळली की धडगावहून तळोद्याला उतरायची वाट बंद. बांबूला झोळी बांधून बाळंतिणीला खाली आणण्याचे फोटो दर पावसाळ्यात छापून येतात. त्या झोळीतल्या बाळाच्या मेंदूला किती मिनिटं प्राणवायू मिळाला नाही, हे फोटोत दिसत नाही. ते सहा-सात वर्षांनी पहिलीच्या वर्गात दिसतं.

बौद्धिक अक्षमता असलेल्या पाचांतल्या साधारण एकाला फिट्सही येतात. गोळ्या स्वस्त आहेत, रोज घ्याव्या लागतात, मध्येच थांबवता येत नाहीत. नदीकाठी एकट्याने गुरं राखणाऱ्याच्या बाबतीत गोळी चुकली तर काय होईल हे वेगळं लिहायला नको. बकऱ्या राखणाऱ्या भोळ्या गुराख्याचं सुंदर चित्र रंगवणाऱ्यांनी त्या चित्रात एक गोळ्यांची पट्टीही काढावी.

त्या चित्रात मुलगी कधीच नसते, हेही पाहण्यासारखं आहे. भोळा गुराखी गोड वाटतो. भोळ्या मुलीबद्दल कुणी ‘चालून जातं’ म्हणत नाही, आवाज खाली करतात. तिची पाळी, तिचं एकटं रानात जाणं, तिच्याशी गोड बोलणारी माणसं, यावर दोनच तोडगे सुचतात: घरात कोंडणं किंवा कुठेतरी ठेवून येणं. या दुसऱ्या तोडग्याचं काय होतं ते महाराष्ट्राने १९९४ मध्ये पाहिलं आहे. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढण्यात आली, त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही या कारणाने. ओरड होऊन हे थांबेपर्यंत अकरा जणींवर शस्त्रक्रिया झाली होती. पाळी आली की कापड कसं घ्यायचं, कुठे टाकायचं हे चित्रांवरून, बाहुलीवरून, रोज तेच तेच दाखवून शिकवता येतं. त्याला महिने लागतात. शस्त्रक्रियेला तासभर लागतो. राज्याने तासभर निवडला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंडीगडच्या एका प्रकरणात अशा स्त्रीच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येणार नाही असं सांगितलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरासरीपेक्षा कमी बुद्धी असलेल्या स्त्रीला आई होण्याचा हक्कच नाही का, असा सरळ सवाल केला. कायदा पुढे गेला आहे. पाड्यावरच्या मुलीला ‘नको’ म्हणायला आणि झालं ते सांगायला शिकवणारं मात्र अजून कुणी नाही.

म्हणून ‘चालून जात नाही ना, मग संस्थेत पाठवा’ हेही उत्तर नव्हे. चांगल्या संस्था महाराष्ट्रात आहेत आणि त्यांच्या मुळाशी बहुतेकदा एखादं आईबापांचं जोडपंच असतं. मुंबईची जय वकील शाळा १९४४ मध्ये एका मुलीसाठी निघाली, नाशिकची प्रबोधिनी १९७७ मध्ये रजनी लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या अनुभवातून उभी केली. जय वकीलने बांधलेला ‘दिशा’ अभ्यासक्रम आता राज्यातल्या विशेष शाळांत जातो आहे. अभ्यासक्रम शाळेपर्यंत पोचला. मूल घाटाच्या वर आहे. शिवाय पावरी बोलणारं मूल नाशिकला ठेवलं की त्याला जे काही येत होतं तेही जातं: वाटा, बकऱ्या, माणसं, भाषा. बुडितातल्या माणसाचं झालं तेच, फक्त पाण्याशिवाय.

आणि आई थकल्यावर? ‘आमच्या मागे याचं कसं?’ हा प्रश्न पालक मेळाव्यांतून पन्नास वर्षं विचारला जातो आहे. अचलपूरजवळ वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर यांनी शंभरावर अनाथ दिव्यांग मुलांना आपलं आडनाव देऊन सांभाळलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची जुनी मागणी एवढीच आहे की अठराव्या वर्षी संस्थेचं दार बंद करणारा नियम अशा मुलांना लावू नका. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती अठरा वर्षांवरच्या बौद्धिक दिव्यांगांना कायदेशीर पालक नेमू शकते, अशी तरतूद १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे. पाड्यावरच्या किती आईबापांपर्यंत ही तरतूद त्यांच्या बोलीत पोचली असेल, याचा अंदाज वाचकाने स्वतःच बांधावा.

मागणी अवाढव्य नाही. महिन्यातून एक दिवस मानसतज्ज्ञ धडगावला आणि एक दिवस अक्कलकुव्याला बसावा, सोबत पावरी किंवा देहवाली बोलणारी आशा ताई दुभाषी म्हणून पगारी असावी. आईला ‘जेवतो का’ असं न विचारता ‘तो जेवतो तेव्हा तुम्ही काय करता’ असं विचारावं. फिट्सच्या गोळ्या उपकेंद्रावर असाव्यात, आणि कोयत्यावर जाणाऱ्या घरांना तीन महिन्यांच्या एकदम मिळाव्यात. प्रमाणपत्राच्या दिवशी आलेल्या दोघांचं बसभाडं आणि बुडालेला रोज तिथेच हातात पडावा. दिवस शक्यतो बाजाराचा ठेवावा. बाजाराला माणसं तशीही डोंगरावरून उतरतातच.